निवेदक नसलेला मुलगा : मराठी मातृत्वकथेची एक अडचण

मराठीतील मातृत्वाची सर्वांत प्रतिष्ठित कथा आईने सांगितलेली नाही, ती मुलाने सांगितली आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने हा साचा पक्का केला. आई संस्कार करते, मुलगा ते स्मरतो आणि मोठेपणी इतरांना सांगतो. आईच्या कष्टांना अर्थ लाभतो तो या स्मरणातून. परंतु मुलाकडून हे निवेदन संभवतच नसेल, तर हा साचा निरुपयोगी ठरतो.

जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ १९९० च्या सुमारास व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि १९९१ मध्ये संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ हा चित्रपट. दोन्ही कृतींत स्वमग्नता नाही. दळवींचा बच्चू मतिमंद आहे, तर नंदूचे अधूपण बालपणीच्या अपघातातून आलेले आहे. हा तपशील किरकोळ नव्हे. अपघात आईला दोषमुक्त करतो. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केल्यानंतर जे सिद्धान्तन रूढ झाले, त्याने नेमके उलट केले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात आईच्या थंडपणाकडेच बोट दाखवले. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच जैविक कारणांची बाजू मांडली होती, तरीही दोषाची ही भाषा सहजी सरली नाही. गिरगाव-परळच्या चाळीतील सामाईक गॅलरीला तर तिच्यासाठी ग्रंथाची गरजही नव्हती.

दळवींचे धाडस असे की त्यांनी या आईला केवळ आई ठेवले नाही. ती नोकरी करते. तिच्या कार्यालयातील वरिष्ठ या घराच्या कथेत येतो आणि मध्यमवयीन स्त्रीचे थकलेले, परंतु न विझलेले मन प्रश्न म्हणून उभे राहते. दादरच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला आईचा त्याग परिचित होता. तिचा कंटाळा मात्र नव्हता. नाट्यरूपाची येथे मदत झाली, कारण नाटकाला निवेदक लागत नाही. अतुल परचुरे यांचा बच्चू स्वतःविषयी काही सांगत नाही, तो रंगमंचावर असतो, एवढेच. (नाटकातील पिता आणि चित्रपटातील नंदू या दोन्ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनीच केल्या, हा योगायोग अभ्यासकांनी जरूर तपासावा.)

‘स्वमग्न’ हा शब्दही तपासावा लागेल. ‘आत्ममग्न’ हे विशेषण मराठी समीक्षा कवींना निःसंकोच लावते, आणि मग्नतेला आपल्याकडे समाधीचा सन्मान आहे. लालबागच्या गणेशोत्सवात ढोल वाजू लागताच कान दाबून धरणारे मूल ‘स्व’त नव्हे, आवाजात बुडालेले असते. शिवाय टेंपल ग्रँडिन यांच्या १९८६ च्या आत्मकथनाने अशी व्यक्तीही निवेदक होऊ शकते हे दाखवले. तेव्हा मौन सर्वांचे एकसारखे नाही. कायद्यालाही हा भेद उशिरा दिसला : १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हती, ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली आणि २०१६ च्या कायद्यात तिचा स्पष्ट समावेश झाला.

साहित्यात मात्र उणीव उरतेच. वात्सल्याची मराठी शब्दकळा पाळणा, अंगाई, घास यांभोवती फिरते; तान्हे मूल लवकरच मोठे होईल, हे तिने गृहीत धरलेले असते. पन्नाशीची आई वीस वर्षांच्या मुलाची दाढी करते, त्याला आंघोळ घालते आणि आपल्या गुडघ्यांचा हिशेब मनात मांडते, त्या कृतीला कोणता रस म्हणावे, याचे उत्तर रसचर्चेत सापडत नाही. आणि ‘नातीगोती’नंतरही ते फार थोड्यांनी शोधले.