शिक्षकाचा आवडता चित्रपट आणि विषयाची कसोटी

शाळेतील शिक्षकास त्याचा आवडता चित्रपट विचारला, तर उत्तर त्याच्या अध्यापनविषयाच्या आसपास येऊन थांबावे यात नवल नाही. मराठीच्या शिक्षकाने ‘संत तुकाराम’चे नाव घ्यावे, इतिहासाच्या शिक्षकाने ‘रामशास्त्री’चे आणि गणिताच्या शिक्षकाने रामानुजन यांच्या चरित्रावरील ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’चे, हे स्वाभाविकच होय. आपण जे रुक्ष शब्दांत सांगतो ते येथे जिवंत झाले आहे, असा आनंद ह्या आवडीच्या मुळाशी असतो. परंतु खाजगी आवड वर्गात आली की तिचे स्वरूप पालटते. तेथे चित्रपट हा पुरावा ठरू लागतो. आणि पुरावा म्हटला की तो तपासणे आलेच. ही तपासणी कोणत्या मापाने करावयाची, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम ‘संत तुकाराम’ (1936) घेऊ. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या ह्या चित्रपटाची निवड 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत झाली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीबाईंची जिजाई यांनी मराठी मनात असे घर केले की, तुकोबा म्हटले म्हणजे अनेकांच्या डोळ्यांपुढे पागनीसांचाच चेहरा उभा राहतो. ह्या प्रभावाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चित्रपटातील बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टांतावर रचलेले पद. ते शांताराम आठवले यांनी ह्या चित्रपटासाठी लिहिले. परंतु असंख्य श्रोत्यांनी ते तुकोबांचाच अभंग मानले.

ही घटना शिक्षकाने झाकून ठेवण्याजोगी नव्हे. उलट तीच त्याच्या हाती आलेली उत्तम सामग्री आहे. अभंगाचा छंद, दृष्टांताची घरगुती जात, शब्दांचा साधेपणा हे सारे आठवल्यांनी आत्मसात केले होते. मग हे पद तुकोबांचे नव्हे हे कशावरून ठरवावयाचे? कानावरून नव्हे, तर पाठावरून. 1950 साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेली गाथा विद्यार्थ्याच्या हाती देऊन ते पद शोधावयास सांगितले, तर संहितेची चिकित्सा म्हणजे काय हे त्यास एका तासात उमगेल. चित्रपटाच्या आरंभीच सालोमालो तुकोबांची रचना आपली म्हणून मिरवताना दिसतो. तुकोबांनी आपल्या अभंगातही सालोमालोचा निर्देश केला आहे. कर्तृत्वाची चोरी हा ज्या चित्रपटाचा एक विषय, त्याच्याच गीतकाराचे नाव प्रेक्षक विसरले आणि त्याची रचना दुसऱ्याच्या खाती जमा झाली. तो अन्याय दूर करणे हेही मराठीच्या शिक्षकाचेच काम आहे.

‘रामशास्त्री’ (1944) ह्या प्रभातच्याच चित्रपटात गजानन जागीरदारांनी न्यायनिष्ठ रामशास्त्री प्रभुणे साकार केले. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झाला. त्याबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबादादांस तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितले, ही हकीकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. पडद्यावर तिला जे तेज येते, त्यामुळे ती निर्विवाद वाटू लागते. येथे शिक्षकाने राजवाड्यांची आठवण ठेवावी. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करताना त्यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांस अधिक मान दिला. बखर, पत्र आणि चित्रपट ही तीन साधने एकाच प्रसंगाविषयी काय सांगतात, कोणते प्रसंगाच्या जवळचे आणि कोणते दूरचे, हे विद्यार्थ्यास ठरवू द्यावे. त्याने रामशास्त्र्यांची थोरवी उणी होत नाही. पुराव्याखेरीज निवाडा न देणे हाच तर त्यांचा धडा. तो त्यांच्यावरील चित्रपटास लागू करण्यात अनादर कसला?

तिसरे उदाहरण गणिताचे. रामानुजन यांच्यावरील चित्रपट (2015) रॉबर्ट कनिगेल यांच्या 1991 च्या चरित्रग्रंथावर आधारलेला आहे. त्यात पत्नी जानकी प्रौढ तरुणी दिसते. प्रत्यक्षात 1909 साली विवाहसमयी ती सुमारे दहा वर्षांची होती. चरित्राच्या दृष्टीने ही सूट लहान नव्हे. तथापि गणिताच्या दृष्टीने हा चित्रपट अधिक प्रामाणिक आहे, कारण त्याचा संघर्षच सिद्धतेविषयी आहे. रामानुजन यांस सूत्र दिसते. हार्डी सिद्धता मागतात. मूळ संख्यांविषयीचे रामानुजन यांचे एक प्रतिपादन चुकीचे ठरले, ही गोष्ट चित्रपट लपवीत नाही. विभाजनाचा प्रश्नही वर्गात सहज नेता येतो. 4 ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने 5 प्रकारे लिहिता येते, 10 ही 42 प्रकारे. आणि 200 पर्यंत गेले की हा आकडा 39,72,99,90,29,388 होतो. पहिल्या दोन संख्या विद्यार्थी स्वतः मोजू शकतो. तिसरीपाशी त्यास सूत्राची गरज जाणवते. ही जाणीव चित्रपट उत्पन्न करील, पण भागवील ती केवळ पाटी-पेन्सिलच.

तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. प्रत्येक विषयास आपले प्रमाण असते: साहित्यास पाठ, इतिहासास समकालीन साधन, गणितास सिद्धता. चित्रपटाचे प्रमाण वेगळे आहे. तो प्रेक्षकाच्या मनाची पकड घेतो की नाही, एवढेच तो पाहतो. ह्यासाठी चित्रपटास दोष देणे अरसिकपणाचे होईल. दोष असलाच तर तो पकड आणि प्रमाण यांतील अंतर न दाखविणाऱ्या अध्यापनाचा. शिक्षकाची आवड निर्भेळ असेल, तर आवडत्या कृतीस आपल्या विषयाच्या कसोटीवर घासण्यास तो कचरणार नाही. आणि आपल्या गुरूने आपल्याच प्रिय वस्तूची परीक्षा केली, हे दृश्य विद्यार्थ्याच्या स्मरणात पडद्यावरील कोणत्याही प्रसंगाइतकेच टिकेल.