चुकीच्या पर्यायांचे मूल्य

स्पर्धापरीक्षांच्या अनेक प्रश्नसंचांत उत्तरसूची अखेरच्या पानावर असते. तीत केवळ क्रमांक असतो, कारण नसते. ‘गोदावरीचा उगम कोठे होतो?’ या प्रश्नास महाबळेश्वर, भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर व मुलताई असे पर्याय दिले असता सूची ‘३’ एवढेच सांगते. वस्तुतः उरलेली तीन स्थाने अनुक्रमे कृष्णा, भीमा व तापी यांची उगमस्थाने होत. म्हणजे एकाच प्रश्नात चार नद्यांचा पाठ सामावलेला असतो.

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरामागे प्रश्नाच्या गुणांपैकी एक-तृतीयांश गुण वजा होतात. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केल्यास सरासरी लाभ शून्य येतो. एक पर्याय निश्चितपणे वगळता आला, तर तो प्रश्नाच्या गुणांच्या एक-नवमांश होतो. तेव्हा त्याज्य पर्याय ओळखणे हेही ज्ञानच होय, आणि परीक्षा त्याचे मोल देते. तथापि केवळ क्रमांक ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास ते लाभत नाही. प्रश्नातील नदी बदलली की त्याचा सराव व्यर्थ ठरतो. प्रश्नसंचाने वेग व वेळेचे भान येते, हे खरे. परंतु उर्वरित पर्याय का त्याज्य, हे जो सांगत नाही, त्यास अध्ययनाचे साधन म्हणणे कठीण आहे.