टोटोरोच्या मागचे रान

हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ हा जपानी चित्रपट १९८८ साली आला. त्यातला गुबगुबीत राखाडी प्राणी आज आमच्या उर्दू शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांनाही ओळखीचा आहे. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ. त्याच्या मागे उभ्या असलेल्या रानाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. आम्हाला बोलायचे आहे ते त्या रानाविषयी आणि ते रंगवणाऱ्या काझुओ ओगा यांच्याविषयी.

ओगा यांचा जन्म १९५२ सालचा, अकिता प्रांतातला. या चित्रपटाचे कलादिग्दर्शन त्यांचे. त्या काळी पात्रे पारदर्शक सेल्युलॉइडवर काढत आणि कागदावर रंगवलेल्या देखाव्यावर ती ठेवून एकेक चौकट टिपत. पात्र हलते, मागचा कागद स्थिर राहतो. पाहणाऱ्याची नजर हलत्या वस्तूकडेच जाणार, तरी ओगांनी त्या कागदाला दुय्यम मानले नाही. रंग कोणते? पोस्टर कलर. आपली मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला नेतात त्याच जातीचे!

कथा १९५०च्या दशकातली, टोकियोजवळच्या खेड्यातली. ओगांचे गवत नुसते हिरवे नसते. बांधावरचे निराळे, वाटेच्या कडेचे निराळे, पायाखाली तुडवलेले आणखी निराळे. बस थांब्याचा प्रसंग पाहा. दोन बहिणी पावसात वडिलांची वाट पाहत उभ्या आहेत. अंधार दाटत जातो, दिवा लागतो, ओली वाट चमकू लागते. मागच्या झाडीत इनारीचे छोटेसे देवस्थान आहे. तिकडे पाहून धाकटी मेई बिचकते आणि बहिणीला येऊन चिकटते. टोटोरो यायच्या आधीच भीती आणि ओढ दोन्ही त्या झाडीने तयार ठेवलेली असते. त्याने फक्त शेजारी येऊन उभे राहायचे.

एक तक्रार नोंदवतो. हे खेडे जरा जास्तच धुतलेले आहे. शेतात माणसे दिसतात, पण त्यांचे कष्ट रंगात उतरत नाहीत. आठवणीतले गाव रंगवताना बहुधा असेच होते.

आता चाहत्यांनी काढलेल्या चित्रांकडे येऊ. मुले त्यांना ‘फॅन आर्ट’ म्हणतात. वहीच्या मागच्या पानावर नारुतो, डोरेमॉन, टोटोरो. रेषा कधी इतकी सफाईदार की शाबासकी द्यावीच लागते. आणि मागे काय? कोरा कागद, नाहीतर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. पात्र जपानकडून उसने, देखावा ड्रॉइंगच्या पुस्तकातून उसना. मग चित्रात मुलाचे स्वतःचे काय उरले?

आपल्या बऱ्याच घरांत सजीवांची चित्रे काढू नयेत, असा आग्रह असतो. त्या मसल्यात आम्ही पडत नाही, ते उलेमांचे काम. पण तिथेच मुलाला “मग सीनरी काढ” म्हणतात, ते वेळ घालवायचे सोपे काम म्हणून. ओगांचे काम पाहिल्यावर हे टिकत नाही. झाड, भिंत, डबके, ढग यांच्यावर या माणसाने हयात घालवली, आणि २००७ साली टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात त्याच चित्रांचे प्रदर्शन भरले.

नकल करण्यात कमीपणा नाही. शहजादा सलीमच्या पदरी असलेल्या अबुल हसनने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११ सालच्या क्रूसावरील येशूच्या कोरीवचित्रातली संत योहानाची आकृती उतरवली. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. सगळा प्रसंग सोडून त्यानेही एकच आकृती उचलली. पण चित्रावर आपले नाव आणि वय लिहिले. आजची मुले चित्र मोबाइलवरून दहा जणांना पाठवतात तेव्हा मूळ चित्रकाराचे नाव गाळतात, पुष्कळदा स्वतःचेही. दोन्ही नावे हवीत, यावर वर्गात आम्ही अडून बसतो.

दुसरी अट देखाव्याची: पात्र कोणाचेही घ्या, मागे आपला मोहल्ला काढा. एका मुलीने टोटोरोला एसटीच्या थांब्यावर उभे केले. वाकलेला पत्रा, कोपऱ्यात पानाच्या पिंका, फाटलेले वेळापत्रक. टोटोरो अगदी बेढब झाला होता. थांबा मात्र कोणता, हे सगळ्या वर्गाने ओळखले.

टोटोरोचे रानही असेच ओळखू येणारे आहे. तोकोरोझावाजवळच्या सायामा टेकड्यांचा आधार त्याला आहे. शहर वाढत चालले तेव्हा तिथली झाडी वाचवण्यासाठी १९९० साली टोटोरोच्या नावाने निधी सुरू झाला आणि लोकांच्या वर्गणीतून रानाचे तुकडे विकत घेतले जाऊ लागले. २००८ साली जगभरच्या सुमारे २०० चित्रकारांनी या कामासाठी चित्रे काढून दिली. कॅलिफोर्नियात पिक्सारच्या स्टुडिओत त्यांचा लिलाव झाला आणि जमलेला पैसा त्या रानासाठी जपानला गेला.