भेंडवळची भाकिते व यादृच्छिक आज्ञावलीची कसोटी

बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घट मांडतात आणि त्याभोवतीच्या अठरा धान्यांची रात्रीतून झालेली हालचाल पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात. पुढे चर्चा होते ती भाकीत खरे ठरले की खोटे, एवढीच. वस्तुतः हा प्रश्न अपुरा आहे. योगायोगानेही काही भाकिते खरी ठरतात; ती किती, हे आधी ठाऊक हवे. (‘साधारण पाऊस’ म्हणजे किती, हे ठरविल्याशिवाय तर मोजणीच संभवत नाही.)

त्यासाठी निरनिराळ्या वर्षांची भाकिते संगणकाकडून पत्त्यांप्रमाणे पिसून घेता येतात. तीन वर्षांच्या तीन भिन्न भाकितांचे 6 क्रम होतात. त्यांपैकी 2 क्रमांत एकही भाकीत आपल्या वर्षाला येत नाही. तेव्हा 2700 वेळा पिसल्यास असे क्रम सुमारे 900 यावेत. पंचवीस-तीसांचा फरक क्षम्य होय.

परंतु पिसणारी आज्ञावली तरी निर्दोष कशावरून? दर वेळी एकच बीज देऊन तेच उत्तर येते का, हे पाहण्याचा प्रघात आहे. ‘यादृच्छिक’ या संज्ञेने येथे दिशाभूल होते. बीज ठरले की पुढील संख्या ठरलेल्याच असतात. पार्क व मिलर यांनी 1988 मध्ये पुरस्कारिलेल्या जनकात 1 पासून आरंभ केल्यास 10,000 पायऱ्यांनंतर 1043618065 हीच संख्या आली पाहिजे. जनक बरोबर लिहिला आहे की नाही, एवढेच यावरून कळते. त्या संख्यांचा पुढे कसा उपयोग केला, हे कळत नाही.

समजा, आज्ञावलीने प्रत्येक स्थानावरील भाकिताची अदलाबदल दर वेळी तिन्हींपैकी कोणत्याही स्थानाशी केली. मग वाटा 27 होतात आणि त्या 6 क्रमांत सारख्या विभागता येतच नाहीत. तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच, उरलेल्या तिघांच्या वाट्याला चार-चार येतात. म्हणजे 2700 वेळांत प्रत्येक क्रम सुमारे 450 वेळा यावयाचा, तो 500 किंवा 400 च्या आसपास येतो. गंमत अशी की, न जुळणाऱ्या दोन क्रमांपैकी एक पहिल्या गटात व दुसरा दुसऱ्या गटात पडतो, त्यामुळे त्यांची बेरीज पुन्हा 900 च्याच घरात! एकाच बीजाची परीक्षा ही सदोष आज्ञावली उत्तीर्ण होते, बेरजेचीही होते. सहाही क्रम वेगवेगळे मोजले तरच दोष उघडा पडतो. ड्युरस्टेनफेल्ड यांच्या 1964 मधील रीतीत अदलाबदल अद्याप न ठरलेल्या स्थानांपुरतीच असते, म्हणून वाटा 6 आणि क्रमही 6.