फाईलकव्हरचे विमान आणि आपली विज्ञान प्रदर्शने

विज्ञान प्रदर्शनात विमानाची प्रतिकृती पाहिली नाही असा शिक्षक विरळाच. थर्मोकोल कापून, वर चंदेरी कागद चिकटवून केलेले हे विमान कोणत्या ना कोणत्या टेबलावर असतेच. सुबक असले की त्याचे कौतुक होते, ओबडधोबड असले की आपण पुढे सरकतो. पण ते कोणत्या विमानाचे आहे, किती पटींनी लहान आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. आमच्या मते प्रतिकृतीचे विज्ञान नेमके या दोन प्रश्नांत आहे. म्हणून येथे एका गाजलेल्या कागदी विमानाचे आम्ही परीक्षण करणार आहोत.

हे विमान अमेरिकेतील लुका इयाकोनी-स्टुअर्ट याने केले. २००८ साली त्याने काम सुरू केले, तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्को येथे शाळेत शिकत होता. वास्तुरचनेच्या वर्गात जाड कागदाच्या इमारती करताना त्याला या माध्यमाची गोडी लागली होती. त्याने निवडलेले मूळ विमान आपल्या ओळखीचे आहे : एअर इंडियाचे बोइंग ७७७-३००ईआर. प्रमाण १:६०. साहित्य म्हणजे कचेरीत कागदपत्रे ठेवायला वापरतात ते फिकट पिवळे फाईलकव्हर, गोंद आणि धारदार कटर. सुट्या भागांचा तयार संच आणून जोडलेले हे काम नव्हे. प्रत्येक भाग आधी संगणकावर मापाने रेखाटला, मग कागदावर छापून कापला, दुमडला आणि चिकटवला. काही भाग मनासारखे न साधल्याने पुन्हा पुन्हा केले. त्यासाठी पुढे त्याने महाविद्यालय सोडून काही काळ पूर्णवेळ हेच काम केले.

या कामाचा पहिला गुण असा, की त्यातील प्रत्येक भाग कोणत्या तरी आकड्याला जबाबदार आहे. खरे विमान ७३.९ मीटर लांब, पंखांच्या टोकांमधले अंतर ६४.८ मीटर. ६० ने भागले की प्रतिकृती सुमारे १२३ सेंटिमीटर लांब आणि १०८ सेंटिमीटर रुंद येते. इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर, तो येथे साडेपाच सेंटिमीटरांच्याही आत बसवावा लागतो. असा हिशेब दारे, खिडक्या, आसने या सर्वांचा. साध्या वर्गाच्या एका आसनाला सुमारे २० मिनिटे लागत आणि पहिल्या वर्गाच्या एका आसनाला आठ तास, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. अशी साधी आसने सुमारे ३०० आहेत. म्हणजे तेवढ्यासाठीच १०० तास झाले.

दुसरा गुण म्हणजे तपशिलातून निघणारे प्रश्न. आपल्या थर्मोकोलच्या विमानाला बहुधा तीन चाके असतात. ७७७ ला १४ चाके आहेत : दोन मुख्य पायांना प्रत्येकी सहा आणि नाकाखाली दोन. हे मोजणाऱ्या मुलाच्या मनात ‘इतकी कशाला?’ हा प्रश्न येणारच. उड्डाणाच्या वेळी या विमानाचे वजन ३५१ टनांपर्यंत असू शकते. १४ चाकांवर सारखे वाटले, तरी एका चाकावर २५ टन येतात. चाके कमी केली तर धावपट्टी खचेल. तीन चाकांच्या विमानाने हा प्रश्न कधीच विचारला नसता. तपशील शोभेसाठी नसतो, तो असा उपयोगी पडतो.

आता उणिवा पाहू. त्यांतील काही कोणत्याही प्रतिकृतीला टाळता येत नाहीत, आणि शिक्षकांच्या दृष्टीने त्याच अधिक मोलाच्या आहेत. फाईलकव्हरची जाडी पाव मिलिमीटर धरली, तर ६० ने गुणून ती १५ मिलिमीटर होते. खऱ्या विमानाचा पत्रा पुष्कळ ठिकाणी दोन मिलिमीटरांच्या आसपास असतो. म्हणजे आकाराने तंतोतंत असलेले हे विमान जाडीने खोटे आहे.

याहून मोठी गोष्ट वजनाची. लांबी ६० पटींनी घटली की पृष्ठफळ ३,६०० पटींनी आणि घनफळ २,१६,००० पटींनी घटते. सुमारे १६८ टनांचे रिकामे विमान त्याच धातूने या प्रमाणात केले, तर ते पाऊण किलोच्या थोडे पुढे भरेल. पायाचा छेद मात्र ३,६०० पटींनीच लहान झाला. म्हणून प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा भार खऱ्याच्या तुलनेत ६० पटींनी कमी पडतो. कागदाचे पाय कागदाचे विमान आरामात पेलतात, यात कारागिराच्या कौशल्याइतकाच या गणिताचा वाटा आहे. विमान लहान झाले म्हणून हवेचे गुणधर्म काही त्या प्रमाणात बदलत नाहीत, तेव्हा उडण्याविषयीही या प्रतिकृतीवरून थेट अनुमान काढता येत नाही. प्रतिकृती उभी राहिली म्हणजे मूळ यंत्र चालते, असे सिद्ध होत नाही.

ही सावधगिरी महाराष्ट्रात विशेष हवी. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. त्या यंत्राचा मोजमापांसह विश्वासार्ह आराखडा मात्र आपल्यापुढे नाही. तळपदे यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील यंत्रांची चित्रे १९२३ साली काढलेली आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली हा ग्रंथ तपासला. तो १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशा चित्रांवरून कुशल हात देखणी प्रतिकृती करतील. पण तिने काय दाखवले? चित्रातल्या चुका तीन मितींत आल्या, एवढेच. मूळ मापच नसेल, तर उत्तम कारागिरीसुद्धा ज्ञानात भर घालत नाही.

मग गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यासारख्या ठिकाणच्या शाळेने यातून काय घ्यावे? जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले विमान-देखभाल केंद्र आहे ते नागपूरच्या मिहानमध्ये. पण मापे मिळवायला विमानाजवळ जावे लागत नाही. विमानतळांच्या आखणीसाठी बोइंग कंपनी आपल्या विमानांची मापांसह रेखाचित्रे सर्वांना खुली ठेवते. फाईलकव्हर प्रत्येक शाळेच्या कपाटात असते, बांबूच्या कामट्या तर या भागात कोणाला नव्या नाहीत. संगणक नसला तरी आलेखाचा कागद पुरतो. १:१०० हे प्रमाण घेतले की एका मीटरचा एक सेंटिमीटर होतो आणि सातवीतले मूलही हिशेब करू शकते.

अख्खे विमान करण्याचा अट्टहास मात्र नको. वर्षानुवर्षे एकाच वस्तूमागे लागणे छंदाला शोभते, शाळेला परवडत नाही. एका गटाने फक्त चाकांचा एक पाय करावा, दुसऱ्याने आसनांची एक रांग. त्याआधी हात बसवायचा तर दारातली बैलबंडी आहे. तिचे चाक, जू, साटा दोरीने आणि टेपने मोजून ती १:२० प्रमाणात करावी. तिची मापे मुलांनी स्वतः घेतलेली असतील, हा तिचा बोइंगहून मोठा गुण.

आमचे मुख्य गाऱ्हाणे परीक्षणाच्या रीतीविषयी आहे. मुलचेरा परिसरात मराठी, माडिया-गोंडी, बंगाली, तेलुगू बोलणारी मुले एकत्र शिकतात. परीक्षक टेबलापुढे उभे राहिले की घडाघडा पाठ बोलणारे आणि बाजारातून साहित्य आणू शकणारे मूल पुढे जाते. घरी दुसरी भाषा बोलणारे, पण कामटी अचूक तासणारे मूल मागे राहते. सेंटिमीटरला बोलीभाषेची अडचण नाही. म्हणून परीक्षकांनी प्रत्येक प्रतिकृतीला तीन प्रश्न विचारावेत : प्रमाण किती? मापे कोठून घेतली? मुळातले काय सोडले, आणि का? उत्तरे तोंडी नकोत, प्रतिकृतीशेजारी ठेवलेल्या आराखड्यावर हवीत.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. इतके बारकाईचे काम करणाऱ्या कागदी ७७७ लाही पत्र्याची जाडी सोडावी लागली. आपण काय दाखवले नाही, हे ज्या विद्यार्थ्याला नेमके सांगता येते, त्याला प्रतिकृती कळली असे आम्ही समजू. मग तिचा एखादा पंख किंचित वाकडा असला तरी चालेल.