‘काय आणाल?’ या यादीची मागची बाजू

भूमध्य समुद्रातल्या कुठल्याही बेटाचं नाव सर्चमध्ये टाका आणि पुढे ‘काय खरेदी करावं’ असं लिहा. सायप्रस, माल्टा, सिसिली, सार्डिनिया, मायोर्का, काहीही चालेल. दहा वस्तूंची यादी हमखास येते. लेस, मातीची भांडी, चीज, मध, ऑलिव्ह तेल, एखादी स्थानिक दारू. सोबत निळ्या दाराचा फोटो आणि दारात बसलेली काळ्या कपड्यांतली आजी.

या याद्या मी खूप वाचल्या आहेत. आयटीतल्या नोकरीमुळे चार महिने लिमासोलला राहायचं ठरलं, तेव्हा तयारी म्हणून वाचल्या. नंतर चटक लागली म्हणून वाचल्या. हळूहळू लक्षात आलं, की हा एक साहित्यप्रकारच आहे. त्याचे संकेत ठरलेले आहेत, विशेषणं ठरलेली आहेत आणि मुख्य म्हणजे त्याचं व्याकरण ठरलेलं आहे. ते शाळेत शिकलेल्या कर्मणी प्रयोगाचं व्याकरण आहे. लेस ‘भरली जाते’. चीज ‘बनवलं जातं’. कला ‘जपली जाते’. कोण भरतं, किती तास लागतात, त्यातले किती पैसे तिच्या हातात पडतात, हे सांगायची वेळच येत नाही, कारण वाक्याला कर्ता लागतच नाही.

लेफ्कारा हे या साहित्यप्रकाराचं आवडतं गाव. सायप्रसच्या डोंगरउतारावरचं हे गाव ‘लेफ्कारिटिका’ या भरतकामासाठी प्रसिद्ध आहे. कापडाचे धागे मोजायचे, काही काढून टाकायचे आणि उरलेल्यांवर टाके घालत भौमितिक नक्षी उभी करायची. २००९ साली युनेस्कोने हा वारसा आपल्या यादीत घेतला. पण पर्यटकाला पहिल्यांदा काय सांगितलं जातं? १४८१ साली म्हणे लिओनार्दो दा विंची या गावात आला आणि मिलानच्या कॅथीड्रलसाठी इथलं कापड घेऊन गेला. ही दंतकथा आहे. तो आल्याचा पुरावा नाही. मला मात्र तिच्या खरेखोटेपणापेक्षा तिच्या रचनेत रस आहे. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे शिणवून केलेल्या कामाबद्दल गावाची सगळ्यांत लाडकी गोष्ट कोणाची? एका पुरुष गिऱ्हाइकाची! वस्तूला मोठेपण येतं ते करणारीमुळे नाही, विकत घेणाऱ्यामुळे. आजच्या खरेदीयाद्या नेमकं हेच करतात. फक्त लिओनार्दोच्या जागी त्या तुम्हाला बसवतात.

खरा इतिहास याहून रंजक आहे. गावातल्या बायका भरतकाम करायच्या आणि पुरुष ते माल म्हणून घेऊन युरोपभर विकत फिरायचे. या फिरत्या व्यापाऱ्यांना ‘केंतितारिदेस’ म्हणतात. म्हणजे लेफ्काराची लेस ही कुठल्या कोपऱ्यात ‘जपली गेलेली’ परंपरा नव्हती, तो चांगला चालणारा निर्यातीचा धंदा होता. ‘अस्सल’ हा शब्द वाचला की आपल्याला बाजारापासून दूर असलेलं काहीतरी दिसतं. इथे अस्सलपणा जन्मापासून बाजारातच वाढला.

गावातल्या एका दुकानात दोन रुमाल शेजारी ठेवले होते. दिसायला जवळपास सारखे, किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने आयुष्यभर उशांचे अभ्रे आणि टेबलक्लॉथ भरले आहेत. ती म्हणाली, “पुढून काय दाखवतोस? उलटा कर.” उलटे केल्यावर तिला अर्ध्या मिनिटात कळलं. एकाच्या मागे बॉबिनच्या दोऱ्याची एकसुरी रांग होती, दुसऱ्याच्या मागे कुणीतरी दोरा कुठे संपवला आणि कुठे पुन्हा धरला ते दिसत होतं. मी वाचलेल्या याद्यांमध्ये एवढी साधी सूचना नव्हती.

ग्रीसच्या खिओस बेटाचं उदाहरण याच्या उलट आहे. तिथली खासियत म्हणजे ‘मास्तिखा’, एका झुडुपाचा सुगंधी डिंक. बेटाच्या फक्त दक्षिण भागातल्या गावांत तो निघतो. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून त्यावर पांढरी माती पसरतात, खोडाला बारीक चिरा देतात, डिंकाचे थेंब खाली पडून घट्ट होतात. मग ते वेचायचे आणि एकेक करून साफ करायचे. चिरा देण्याच्या या कामाला ‘केंतिमा’ म्हणतात, आणि या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ भरतकाम! लेफ्काराचे ‘केंतितारिदेस’ याच शब्दाच्या कुळातले.

पण खिओसच्या शेतकऱ्यांनी १९३८ साली स्वतःचा संघ उभा केला. डिंक संघाकडे जातो, विक्री संघ करतो, पुढे संघाने स्वतःची दुकानंही काढली. १९९७पासून ‘खिओस मास्तिखा’ या नावाला युरोपियन युनियनचं संरक्षण आहे. २०१२च्या वणव्यात मास्तिखाची बरीच झाडं जळाली, तेव्हा नुकसान सोसायला आणि पुन्हा उभं राहायला एक संस्था होती. साखर कारखाने आणि दूध संघ पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. खरेदीयादीत मात्र मास्तिखा म्हणजे ‘तोंडाला छान वास येणारा च्युइंगम’ एवढंच उरतं.

सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही ओपन सोर्स पॅकेज वापरताना दोन फायली असतात. रीडमी गोड बोलते. लायसन्स खरं काय ते सांगते. वस्तूवरचं लेबल हे तिचं लायसन्स. युरोपात खाद्यपदार्थांसाठी मुख्यतः दोन शिक्के आहेत. पीडीओ म्हणजे उत्पादनाचे सगळे टप्पे त्याच भागात झाले पाहिजेत. पीजीआय म्हणजे किमान एक टप्पा तिथे झाला तरी चालतो. सिसिलीतल्या मोदिकाच्या चॉकलेटला २०१८ साली पीजीआय मिळालं. त्यातला कोको सिसिलीत पिकत नाही; तिथली आहे ती पद्धत. कमी तापमानावर काम केल्यामुळे साखर विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते. यात फसवणूक काही नाही. उलट, स्थानिक म्हणजे नेमकं काय, माती की हात, याचं उत्तर लेबल स्पष्ट देतं. सायप्रसच्या हलूमी चीजला २०२१मध्ये पीडीओ मिळालं, पण त्याआधी त्यात गाईचं दूध किती आणि शेळ्या-मेंढ्यांचं किती, यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. नोंदणीत ग्रीक ‘हलूमी’सोबत तुर्की ‘हेलीम’ही आहे. दुभंगलेल्या बेटाचं राजकारण चीजच्या एका पाकिटावर वाचता येतं.

गंमत अशी, की युरोपियन युनियनने खाद्यपदार्थांना हे संरक्षण १९९२पासून दिलं, हस्तकलेला मात्र दिलं नाही. त्यासाठीचा कायदा २०२३ साली झाला आणि १ डिसेंबर २०२५पासून लागू झाला. मधल्या तीन दशकांत चीजच्या नावाला सगळ्या युनियनभर एकच कवच होतं, लेसच्या नावाला नव्हतं. त्या दोन रुमालांचं शेजारी शेजारी असणं या इतिहासातून येतं. भारतात उलट आहे, आपला जीआय कायदा सुरुवातीपासून शेतमाल आणि हस्तकला दोन्हींना लागू आहे. तरी कायदा सगळं करत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये जीआय मिळालं. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला चालवल्या, कोल्हापूरचा उल्लेखही न करता. ओरड झाल्यावर प्रेरणा मान्य केली. जीआय नावाचं रक्षण करतं, आणि इथे नाव वापरलंच नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, सुट्टीवर चार दिवस गेलेल्या माणसाने कायदे वाचायचे का? रास्त प्रश्न आहे. यादीचं काम वाट दाखवणं हे आहे आणि ते ती करते. पण दहा वस्तूंऐवजी पाचच द्या आणि प्रत्येकीपुढे तीन ओळी वाढवा: कोण करतं, किती वेळ लागतो, शिक्का कशाची हमी देतो. कर्मणी प्रयोग आपोआप गळून पडेल. लेफ्कारात तरुण मुली हे काम का शिकत नाहीत, हा प्रश्न हळहळीचा नाही, तासांच्या हिशोबाचा आहे. तासाला काय सुटतं ते मांडा, उत्तर समोर येतं.

आणि प्रत्येक यादीत एक ओळ अशीही असावी, जिच्यापुढे किंमत नाही. सार्डिनियाजवळच्या सांत’आंतियोको बेटावर ‘समुद्री रेशीम’ विणण्याची परंपरा आहे. एका मोठ्या शिंपल्याच्या तंतूंपासून ते होतं, उन्हात सोनेरी दिसतं. त्या शिंपल्याला युरोपात १९९२पासून कायद्याने संरक्षण आहे. २०१६पासून पसरलेल्या रोगाने भूमध्य समुद्रातले बहुतेक शिंपले मारले, आणि आता तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. हे रेशीम बघायचं, त्याबद्दल विचारायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. बेटावरून काय आणायचं हे सांगणाऱ्यांनी काय आणायचं नाही हेही सांगितलं, तर मी त्यांना समीक्षक म्हणायला तयार आहे.