टोपलीतली अंडी आणि हरवलेला बाण

शालेय भूगोलात हिमनदीचे प्रकरण आले की ड्रमलिन हमखास भेटतो. हिमनदीने आणलेल्या गाळाची लांबट टेकडी. बर्फ ज्या बाजूने आला तिकडचे टोक बोथट, दुसरे निमुळते. अशा शेकडो टेकड्या शेजारी शेजारी असल्या की त्याला अंड्यांच्या टोपलीची उपमा देतात. उपमा सुरेख आहे, मुलांच्या लक्षातही राहते. आमची तक्रार अशी, की ती मुलांना नेमके तिथेच थांबवते.

टोपलीत अंडी कशीही पडलेली असतात. एका समूहातले ड्रमलिन मात्र जवळजवळ समांतर असतात, आणि सारे महत्त्व या समांतरपणात आहे. ब्रिटन व आयर्लंडवरची शेवटची हिमचादर वितळून दहा हजारांहून अधिक वर्षे झाली. तिच्या तळाशी बर्फ कोणत्या रेषेत सरकत होता, हे या टेकड्यांच्या अक्षांवरून आजही वाचता येते. काही ठिकाणी तर एका दिशेच्या टेकड्यांवर दुसऱ्या दिशेच्या टेकड्या चढलेल्या दिसतात. म्हणजे मधल्या काळात बर्फाने वाटच बदलली!

आता त्या बोथट टोकाविषयी. स्पान्योलो, क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४४,५०० ड्रमलिनांच्या बाह्यरेषा मोजून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरून पाहता बहुतेकांची दोन्ही टोके जवळपास सारखीच निघाली. पुस्तकातली ठसठशीत आकृती निवडक नमुन्यांवर बेतलेली आहे असेच म्हणावे लागते. एकटी टेकडी पाहून बर्फ इकडून आला की तिकडून, हे सांगणे त्यामुळे धोक्याचे आहे. अक्षावरून रेषा कळते, रेषेवरचा बाण कळत नाही.

बाण दाखवतात ते दगड. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून जवळच आयल्सा क्रेग नावाचे लहानसे बेट आहे. तिथला बारीक कणांचा ग्रॅनाइट चटकन ओळखू येतो. (कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे दगड त्याचेच करतात.) त्याचे गोटे दक्षिणेला थेट वेल्सपर्यंतच्या हिमगाळात सापडतात. उगम एकच, छोटा आणि पक्का ठाऊक असल्याने प्रवासाच्या दिशेबद्दल शंका राहत नाही.

‘ड्रमलिन म्हणजे काय?’ हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत. त्याऐवजी समांतर टेकड्यांचा एक नकाशा द्यावा, त्यावर एका बेटाची आणि चार गोट्यांची जागा दाखवावी आणि विचारावे, ‘बर्फ कुठून आला? टेकड्या पुसून टाकल्या तर तुमच्या उत्तरातले काय उरेल? गोटे पुसले तर?’